'बोराट' बघून कझाक लोक चिडले तर त्यात चूक काय?

सांजवारा:
मागच्या सप्टेंबरात कझाकस्तानातल्या आलमाटीला गेलो होतो. बाजारात एक आजी तिथली ती प्रसिद्ध आपोर्ट सफरचंदं विकत होती, एक उचलायला दोन हात लागावेत एवढं मोठं. तिने सुरीने फोड कापून माझ्या हातावर ठेवली, पैसे घेईना. तेवढ्यात आमच्यातल्या एकाने अंगठा वर करून बोराटच्या (त्या २००६ च्या विनोदी पिक्चरमधला, अमेरिकेत फिरणारा खोटा कझाक पत्रकार) आवाजात 'व्हेरी नाइस' केलं. आजीला काही कळलं नाही पण सोबतची गाइड मुलगी गप्पच झाली. नंतर गाडीत म्हणाली, जो येतो तो हेच करतो, आमच्याबद्दल दुसरं काही माहीतच नसतं. मला इतकी लाज वाटली, कारण २००६ ला मीपण पोट धरून हसलो होतो.

त्या पिक्चरमध्ये कझाकस्तानचं आहे काय? गाव रुमानियातलं, ग्लोड नावाचं. बोराट जे 'कझाक' बोलतो ते बरंचसं हिब्रू, त्याचा जोडीदार आर्मेनियन बोलतो. खरं फक्त देशाचं नाव, आणि त्या नावाला ज्यूंचा द्वेष, बायकांना जनावरासारखं वागवणं असलं सगळं चिकटवलं. खोट्या देशाचं नाव घेतलं असतं तर काय बिघडलं असतं?

काळाचहा:
सगळंच बिघडलं असतं. तो पिक्चर अमेरिकेवर आहे हो. बंदुकीच्या दुकानात तो विचारतो ज्यूंपासून बचावाला कुठली बंदूक चांगली, तर दुकानदार शांतपणे सांगतो. रोडिओमध्ये (तिकडचा घोडे-बैलांचा खेळ) म्हणतो बुश इराकमधल्या बायापोरांचं रक्त पिवो, आणि पब्लिक ओरडून दाद देतं! कझाकस्तान कुठे आहे हेच त्यांना माहीत नव्हतं म्हणून तर ते उघडे पडले. आणि २०१२ ला खुद्द कझाक परराष्ट्रमंत्री म्हणाले की बोराटमुळे व्हिसा दहापट वाढले, आभार मानले त्यांनी. २०२० ला टुरिझमवाल्यांनी 'व्हेरी नाइस' हीच टॅगलाइन घेतली. ते हसतायत आणि आपण इथे चिडायचं?

मिरजेची_सून:
काळाचहा दादा, टेंपल ऑफ डूमच्या (इंडियाना जोन्सचा भारतात घडणारा पिक्चर) वेळी कुठे होतात? १९८४ चा, अमरीश पुरी होते त्यात. स्क्रिप्टवर आपल्या सरकारचा आक्षेप होता म्हणून शूटिंग श्रीलंकेत केलं. राजाच्या पंगतीत माकडाचा मेंदू, डोळ्यांचं सूप. मी लग्नानंतर ओहायोत आले, ऑफिसात डब्यात भरली वांगी नेली होती तर एक बाई हसत म्हणाली यात मेंदू नाही ना. ती काही वाईट बाई नव्हती, पण त्या दिवशी डबा तसाच परत आणला मी.

सांजवारा:
हेच म्हणतोय मी ताई.
@काळाचहा, कझाक सरकारने आधी काय काय केलं तेही सांगा ना. २००५ ला, पिक्चर यायच्या आधीच त्या पात्रावरून, खटल्याची धमकी, २००६ ला न्यूयॉर्क टाइम्समध्ये चार पानी जाहिरात, काही उपयोग झाला नाही. मग दुसरं करणार काय, हसणार. त्याच २०१२ मध्ये कुवेतला नेमबाजीत कझाक मुलीला गोल्ड मिळालं आणि राष्ट्रगीत म्हणून लावलं काय तर बोराटमधलं विडंबन! आयोजकांनी नेटवरून उतरवलेलं. ती पोरगी छातीवर हात ठेवून उभी. विचार करा, आपली पोरगी असती तर?

काळाचहा:
कुवेतची चूक आयोजकांची, पिक्चरची नाही. उपहासात कुणाचं तरी नाव येणारच, प्रत्येक देशाची परवानगी काढत बसलं तर पिक्चर निघणारच नाहीत. यावर मी ठाम आहे.
ग्लोडच्या लोकांशी जे केलं ते मात्र मला पटत नाही. ती गरीब रोमा (युरोपातला एक उपेक्षित समाज) माणसं, डॉक्युमेंटरी आहे असं त्यांना वाटलं, किरकोळ पैसे दिले आणि जगासमोर गावंढळ म्हणून उभं केलं. एकाचा हात तुटलेला, त्याला तिथे अश्लील रबरी वस्तू लावली. त्यांनी नंतर केस केली, ती टिकली नाही.

मिरजेची_सून:
पिक्चर बघताना हे माहीत होतं तुम्हाला?

काळाचहा:
नाही. ते कझाकस्तानच आहे असं वाटलं होतं.