बाबांची गाडी बंद करायची का? (वय ७६, लायसन्स चालू)

तिसरा_मजला: बाबा ७६ चे. परवा पार्किंगमधे रिव्हर्स घेताना परत खांबाला घासली, वर्षातली चौथी वेळ, आणि बाबा म्हणतात खांबच पुढे आलाय. रात्री कोथरूडहून येताना आई शेजारी बसून "अहो बाईक... अहो माणूस..." करत येते, घरी पोचेपर्यंत तिचा घसा बसतो. लायसन्स मात्र नुकतंच रिन्यू झालं, ५५ नंतर पाच-पाच वर्षांचं मिळतं म्हणजे आता ८१ पर्यंत बघायला नको. डॉक्टरांचा फॉर्म १-अ लागतो, तिथे बीपी विचारलं आणि सही ठोकली. २५ मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते का असा प्रश्न असतो, तो कोणी विचारलाच नाही. मग मीच गॅलरीतून खालच्या गाडीचा नंबर विचारला तर बाबांनी धडाधड सांगितला. नंतर कळलं शेजाऱ्यांची गाडी होती, नंबर पाठ आहे त्यांना! किल्ली काढून घ्यावी का?

अजिंक्यतारा_७२: घ्या घ्या, किल्ली घ्या, मग चष्मा घ्या, मग पेन्शनचं पासबुक घ्या. मी ७२ चा आहे, ४८ वर्षं गाडी चालवतोय, आजवर एक पावती फाटली नाही. अपघातात जाणाऱ्यांत दोन-तृतीयांश लोक १८ ते ४५ चे असतात, सरकारचेच आकडे आहेत. राँग साइडने येणारी, मांडीवर मोबाईल ठेवून रील बघणारी पोरं चालतात आणि चाळीसने जाणारा म्हातारा तेवढा खुपतो.

कुंदा_ताई: +१. चार वेळा खांबाला घासली, माणसाला नाही ना!

तिसरा_मजला: ताई, माणसाला घासायची वाट बघू का?

चष्मेवाला: काका, ते आकडे मरणाऱ्यांचे आहेत, चालवणाऱ्यांचे नाहीत. आणि म्हातारी माणसं गाडी काढतातच किती, आठवड्यातून दोनदा, भाजी नाहीतर बँक. किलोमीटरच्या हिशोबात बघितलं की सत्तरीनंतर धोका वर जातो, शिवाय ज्या धडकेत पोरगा खरचटून उठतो त्यात म्हाताऱ्याच्या बरगड्या जातात.

माझं चष्म्याचं दुकान आहे म्हणून सांगतो, बोर्डावरची शेवटची ओळ वाचली म्हणजे नजर चांगली असं नसतं. मोतीबिंदू असला की दिवसा ठीक दिसतं, रात्री समोरून पांढऱ्या एलईडीवाला आला की काचेवर दूध सांडल्यासारखं होतं. काचबिंदूत कडेचं दिसणं हळूहळू जातं आणि माणसाला पत्ताच लागत नाही. "बाईक अचानक कुठून आली" म्हणणारे सगळे खोटं बोलत नाहीत, त्यांना ती खरंच दिसलेली नसते.

तोक्योतला_तात्या: इथे एप्रिल २०१९ मधे इकेबुकुरोला ८७ वर्षांच्या माणसाच्या गाडीखाली आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी गेली. तो म्हणत राहिला गाडीतच बिघाड होता, कोर्टाने सांगितलं ब्रेक समजून अॅक्सिलरेटर दाबलास, पाच वर्षांची शिक्षा झाली. इथे ७५ नंतर रिन्यूअलला स्मरणशक्तीची टेस्ट देतात. कोणी आपणहून लायसन्स परत केलं तर दाखला मिळतो, तो दाखवून बऱ्याच ठिकाणी बस-टॅक्सीत सूट मिळते.

वस्तीची_गाडी: तात्या, तुमच्या दारात ट्रेन आहे. आमच्या गावात बस दिवसाला दोन. आईचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, तालुक्याला, नेणारे बाबाच, वय ७४. मी बंगलोरला. रिक्षावाला येऊनजाऊन जे मागतो ते ऐकून बाबा म्हणाले त्यापेक्षा मी किडनी देतो. आता यांची किल्ली काढून घेणाऱ्यांनी आईला कोण नेणार तेही लिहा.

तिसरा_मजला: हे वाचून गप्प झाले. आमच्याकडे निदान दारात रिक्षा मिळते.

अजिंक्यतारा_७२: मग? मी काय वेगळं सांगत होतो?

चष्मेवाला: वेगळंच सांगत होता काका, तुम्हाला तपासणीच नको होती. @वस्तीची_गाडी, बाबांच्या डोळ्यांचं प्रेशर आणि कडेची नजर तपासून घ्या, शुगर असेल तर गोळी घेऊन उपाशी पोटी गाडी चालवू नका म्हणावं. रात्रीची मात्र बंदच करा.

तिसरा_मजला: अपडेट. बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात. तोवर अंधार पडल्यावर गाडी काढायची नाही, हे आईने सांगितलं म्हणून ऐकलं, मी सांगितलं असतं तर मुद्दाम रात्री बाराला काढली असती. दिवसाचं भांडण चालू आहे.

अजिंक्यतारा_७२: काल गॅलरीत उभं राहून मीही एक नंबर वाचला, अनोळखी गाडीचा. खाली जाऊन बघितलं तर शेवटचा ३ नव्हता, ८ होता. हिला अजून सांगितलेलं नाही.