'ही सेड दॅट ही वॉज इल': चूक मुलांची, की शिकवणीची?

शिकवणीचालक, उदगीर

आपल्या भागातील मुलांना 'दॅट'नंतरचा काळ बदलता येत नाही, याचे कारण मराठीलाच काळाचे भान नाही. 'तो म्हणाला की मी आजारी आहे' असे बोलत वाढलेल्या मुलाला काल आणि आज यांतील फरक कोणी शिकवायचा?

अनुवादक, छत्रपती संभाजीनगर

दोन दिवस गप्प राहिले, पण हे विधान इतके उफराटे आहे की उत्तर दिल्यावाचून राहवत नाही. 'तो म्हणाला की मी आजारी आहे' या वाक्यात बोलण्याच्या क्षणी आजार अंगात होता आणि 'तो म्हणाला की मी आजारी होतो' या वाक्यात तो त्याआधीच सरला होता, हे शाळेची पायरीही न चढलेल्या माझ्या आजीला कोणी न सांगता कळत असे. इंग्रजीत मुख्य क्रियापद भूतकाळी असले की 'दॅट'पुढचे क्रियापद त्याच्यामागून भूतकाळात ओढले जाते. तेथे 'वॉज' दिसला म्हणजे आजार बरा झाला असे मुळीच नाही. हा त्या भाषेचा रिवाज आहे, तर्कशास्त्र नव्हे. रशियन आणि जपानी भाषाही अशा ठिकाणी आपल्याप्रमाणेच वर्तमानकाळ कायम ठेवतात; त्या लोकांना काल-आज कळत नाही, असे अजून कोणी म्हटलेले नाही.

खरे नुकसान उलट दिशेने होते. 'पाणीसाठा पुरेसा होता, असे अधिकाऱ्यांनी सांगितले' अशी इंग्रजीवरून उतरवलेली बातमी ऐन एप्रिलमध्ये वाचली की मनात येते, म्हणजे आता संपला काय?

निवृत्त शिक्षक, परभणी

ताई, आपले विवेचन देखणे आहे, परंतु दहावीच्या उत्तरपत्रिकेत रशियन भाषेचे गुण मिळत नाहीत. सन 2000 पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले. त्याआधी पाचवीत एबीसीडी गिरवणाऱ्या पोरांना मी डायरेक्ट-इनडायरेक्ट याच नियमाने शिकवले आहे, आणि 'सूर्य पूर्वेला उगवतो' यासारख्या त्रिकालाबाधित सत्याला तो नियम लागू नाही, हेही सांगितले आहे. आता आपल्या लाडक्या मराठीकडे पाहा. 'रामा म्हणाला की मी चोर आहे.' यात चोर कोण, रामा की सांगणारा? इंग्रजीत 'ही' किंवा 'आय' म्हटले की प्रश्नच मिटतो.

अनुवादक, छत्रपती संभाजीनगर

सर्वनामाचा मुद्दा मान्य आहे, आणि तो मान्य करताना मला आनंद होत नाही, हेही नोंदवते. पण नियमाला अपवाद आहे असे आपणच सांगता, म्हणजे वक्त्याला ती गोष्ट आजही खरी वाटते की नाही, यावर काळ ठरतो. काल भेटलेली मैत्रीण आजही गरोदर असेल, तर 'शी सेड दॅट शी इज प्रेग्नंट' हे वाक्य इंग्रज माणूस सर्रास बोलतो. आपण मात्र त्यावर लाल रेघ ओढली असती.

वकील, बीड

रेघेवरून आठवले. बांधाच्या एका दाव्यात माझा अशील साक्षीला उभा राहून स्वच्छ मराठीत म्हणाला की जमीन माझ्या ताब्यात आहे. इंग्रजी उताऱ्यात 'दॅट दी लँड वॉज इन हिज पझेशन' असे उतरले. पुढे अपिलात समोरच्या वकिलांनी त्या एका 'वॉज'वर पाऊण तास युक्तिवाद केला की ताबा पूर्वी होता, आता नाही, हे साक्षीदारानेच कबूल केले आहे. शेवटी मूळ मराठी जबाब मागवून वाचून दाखवावा लागला. चार एकर जमीन एका क्रियापदाच्या काळावर टांगली गेली होती.

निवृत्त शिक्षक, परभणी

पूर्वीचा ताबा सांगायचा असता तर 'हॅड बीन' लिहिले असते. समोरच्या वकिलांचे व्याकरण कच्चे, त्याचा दोष नियमाला कशाला?

जिल्हा परिषद शिक्षिका, हिंगोली

सर, नियम पाठ असलेल्यांचेही व्याकरण कच्चे असते. माझ्या मुलीने 'दी डॉक्टर इन्सिस्टेड दॅट ही टेक दी मेडिसिन' असे लिहिले, तर शाळेत त्याचे 'टुक' करून गुण कापण्यात आला. 'टेक' म्हणजे त्याने औषध घ्यावे, असा डॉक्टरांनी आग्रह धरला. 'टुक' म्हणजे त्याने ते घेतले, असे डॉक्टर ठासून सांगत राहिले. आपल्या 'घ्यावे' आणि 'घेतले' यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच हे आहे. मराठी रूप समोर ठेवले असते, तर तपासणाऱ्याच्याही लक्षात आले असते.

वाचक, नांदेड

सगळे 'की' धरून भांडत आहेत, पण आमच्याकडे 'की' लागतोच कोठे? 'येतो म्हणला' किंवा 'येतो म्हणून म्हणला' एवढ्यावर काम होते. दखनीत 'आतूं बोलके बोल्या', तेलुगूत 'अनि', कन्नडमध्ये 'अंत': शेजारच्या साऱ्या बोली आधी माणसाचे बोलणे जसेच्या तसे ठेवतात आणि मग 'असे म्हणाला' जोडतात. हा 'की' फारसीतून आलेला पाहुणा आहे.

निवृत्त शिक्षक, परभणी

'अथवा' या अर्थाचा 'की' ज्ञानेश्वरीत जागोजागी आहे. पैठणजवळच्या आपेगावी जन्मलेल्या ज्ञानेश्वरांना आपण फारसी शिकवू नका.

वाचक, नांदेड

तो 'की' निराळा आणि 'म्हणाला की' मधला निराळा, एवढे तरी आपल्यासारख्यांनी ओळखावे. राहिला 'म्हणला'. पुण्याच्या वसतिगृहात या एका शब्दावरून माझी वर्षभर टर उडवली गेली, आणि ती उडवणाऱ्यांपैकी निम्म्यांना 'ही टोल्ड' आणि 'ही सेड' यांतील फरक कळत नव्हता. शुद्धतेचा हा दंडुका नेहमी खालच्याच पाठीवर पडतो.

शिकवणीचालक, उदगीर

मी इंग्रजी काळाविषयी लिहिले होते. येथे पुणे, पैठण आणि फारसी कोठून आले? भावना दुखावून घेण्याची एवढी हौस असेल तर मुलांनी इंग्रजी शिकूच नये.

अनुवादक, छत्रपती संभाजीनगर

भावना नव्हे, आपले पहिले वाक्य दुखावणारे होते. मराठीला काळाचे भान नाही, हे मागे घ्या; बाकी नियम आपण खुशाल शिकवा.

शिकवणीचालक, उदगीर

ठीक आहे. मराठीला भान आहे, फक्त माझ्या वर्गात बसणाऱ्यांना नाही. समाधान?

वकील, बीड

साहेब, हे मागे घेणे आहे की नवा दावा दाखल करणे?

निवृत्त शिक्षक, परभणी

'टेक' आणि 'टुक'ची ती दोन वाक्ये मी वहीत उतरवून घेतली आहेत, कारण चाळीस वर्षांत मीही तेथे 'टुक'च केले असते. उद्या नातवाला ती 'घ्यावे' आणि 'घेतले' यांच्या आधारानेच समजावीन. 'वॉज'च्या बाबतीत मात्र त्याने 'इज' लिहिले तर अर्धा गुण कापणार, मग त्याची मैत्रीण गरोदर असो वा नसो.