न्यूहाउस यांचे सायरन

सार्वजनिक जागेतील ध्वनिकला म्हणजे शहराच्या गोंगाटात आणखी एका आवाजाची भर, हा आक्षेप अमेरिकन ध्वनिकलावंत मॅक्स न्यूहाउस यांच्या कामाला तरी लागू होत नाही. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये भुयारी रेल्वेच्या वायुवीजनाच्या जाळीखाली त्यांनी १९७७ साली बसवलेला ध्वनी हा मोठ्या घंटेवर टोल पडून गेल्यावर मागे घुमत राहणाऱ्या नादासारखा आहे. तिथे पाटी नाही, त्यामुळे जाळीवरून जाणाऱ्याला तो यंत्राचा आवाज वाटू शकतो, आणि चार पावले पुढे गेल्यावर तो विरला की मगच त्याचे अस्तित्व जाणवते. १९९२ मध्ये बंद झालेले हे काम २००२ मध्ये पुन्हा सुरू झाले, ही फार आनंदाची गोष्ट.

दुसरा मुद्दा त्यांच्या सायरनचा आहे. पोलीस किंवा रुग्णवाहिकेचा सायरन ऐकू येतो, पण गाडी कुठून येते आहे हे चटकन कळत नाही, म्हणून दिशा आणि अंतर कानाला ओळखता येईल असे ध्वनी त्यांनी घडवले, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात गाड्यांवर बसवून तपासले आणि त्यांचे पेटंटही घेतले. तालवाद्यांचे मंचीय वादन सोडलेल्या या कलावंताची रस्त्याशी असलेली बांधिलकी मला इथे सर्वांत स्पष्ट दिसते.