वाचन-वहीवरची रोजची सही: मुलं वाचती होतात की वाचनाला विटतात?

सिंहगडरोडकर

मुलगी सातवीत आहे. जूनपासून शाळेने वाचन-वही सुरू केली. रोज २० मिनिटं अवांतर वाचन, मग पुस्तकाचं नाव, कितव्या पानापासून कितव्या पानापर्यंत, पाच ओळी सारांश, ‘यातून मी काय शिकले’ आणि खाली पालकांची सही.

दोन महिने मी मनापासून साथ दिली. गणपतीच्या सुट्टीत लक्षात आलं की ती आधी घड्याळ लावते आणि विसावं मिनिट झालं की वाक्य अर्धं टाकून पुस्तक मिटते. चौथीत हीच मुलगी जेवतानाही पुस्तक खाली ठेवत नव्हती. ‘काय शिकले’च्या रकान्यात तीन आठवड्यांत चार वेळा ‘नेहमी खरे बोलावे’ आलं होतं. त्यातली एक गोष्ट तर पुरात अडकलेल्या मुलाची होती. विचारलं, तर म्हणाली, “असं लिहिलं की बरोबरची खूण मिळते.”

घरी वाचणं आणि त्यावर विचार करणं हवंच, रोज हवं. पण हा हिशेब नको, असं माझं ठाम मत झालं आहे. आता जेवणं आटोपली की आम्ही दोघी एकच गोष्ट वाचतो. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतंय, त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. मग एकमेकींना एकच प्रश्न विचारायचा, विचारणारीलाही ज्याचं उत्तर ठाऊक नाही असा. परवा तिने विचारलं, “त्या मुलाने वडिलांपासून लपवलं ते भीतीने, की त्याला वडिलांचीच कीव आली?” आम्ही पाऊण तास बोलत बसलो. वहीत त्या दिवशी काहीच लिहिलं नाही.

सहावी ते आठवी मराठी

मी २२ वर्षं याच वर्गांना मराठी शिकवते. तुमच्या घरी जे घडतंय ते छानच आहे, पण माझ्या वर्गात ५८ मुलं आहेत आणि त्यातल्या बहुतेकांच्या घरी रात्री गोष्टीवर बोलायला कुणी मोकळं नसतं. त्यांना मी वही नाही तर काय देऊ?

आणि लिहिणं म्हणजे नुसता हिशेब नव्हे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी मिटून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने मात्र लिहून काढणाऱ्यांना जास्त आठवत होतं. पुस्तक मिटून पाच ओळी लिहिताना मुलाला कळतं की आपल्याला काय समजलं नाही.

‘काय शिकलो’ हा रकाना मात्र वाईटच. मी तो काढून ‘कुठे थांबावंसं वाटलं’ असा केला. एका मुलाची वही तीन आठवडे कोरी होती. मग एके दिवशी एकच ओळ: ‘आजोबा वारले ते पान दोनदा वाचलं.’ मी खूण केली नाही. खाली लिहिलं, ‘मीसुद्धा.’ दुसऱ्या दिवसापासून तो लिहायला लागला.

भोसरीहून

मी चाकणला कंपनीत आहे. सेकंड शिफ्ट असली की घरी यायला साडेबारा होतात. पोरगा सहावीत, तेव्हा झोपलेला असतो. “सोबत बसून वाचा” म्हणणं सोपं आहे, ताई. बायको पोळ्या लाटते तेव्हा तो ओट्याशेजारी बसून तिला मोठ्याने वाचून दाखवतो. सकाळी मी सही करायला वही उघडतो तेव्हा मला कळतं की काल पोराच्या डोक्यात काय चाललं होतं. आठवडा-आठवडा आमची तेवढीच भेट. ती सही बंद करा असं कुणी म्हणू नये.

सिंहगडरोडकर

दादा, हे माझ्या मनात आलंच नव्हतं. तुम्ही सही करता, पण त्याआधी वाचता. मी पहिल्या महिन्यानंतर न वाचताच सही करत होते. माझा विरोध त्या सहीला आहे.

कर्वेनगर, दोन मुलं

स्कॉलरशिपची तयारी, क्लास, शिवाय इंग्रजी माध्यम. रोज वाचायला वेळ आणायचा कुठून? वाचन सुट्टीत करावं.

शनिवारी ग्रंथालयात

सुट्टीपुरतं वाचणारं मूल सुट्टीतही वाचत नाही, हे मी दर मे महिन्यात बघते. आमच्याकडे मुलांच्या विभागात मी पुस्तकं देते-घेते. आई-वडील मुलाच्या हातातलं पुस्तक काढून ‘जरा ज्ञानाचं’ पुस्तक ठेवतात, आणि ते पंधरा दिवसांनी तसंच परत येतं. १८४८पासून नगर वाचन मंदिर असलेल्या आपल्या पुण्यात बारा वर्षांच्या मुलाला स्वतःचं पुस्तक स्वतः निवडू देत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

इंग्रजी माध्यमातली मुलं मराठी अडखळत वाचतात. त्यांना चौथीच्या पातळीचं, चित्रांचं पुस्तक घेऊ द्या. लाज काढू नका.

बाई, तुम्ही सांगितलात तसा आणखी एक प्रयोग १९७३चा आहे, लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा. आवडीने चित्रं काढणाऱ्या लहान मुलांना आधीच बक्षीस कबूल केलं. नंतर बक्षीस नसताना त्यांची चित्रकलेची ओढ कमी झालेली दिसली. बरोबरची खूण हेही बक्षीसच. ज्याला आधीच गोडी आहे, त्याला वहीतून सूट द्या.

सहावी ते आठवी मराठी

गोडी असलेल्यांना सूट दिली तर बाकीच्यांना वही शिक्षा वाटेल. ते मला पटत नाही. पण सोमवारपासून सहीशेजारी एक रकाना वाढवते: ‘कुणाला वाचून दाखवलं?’ भोसरीच्या दादांमुळे सुचलं. मिनिटांचा रकाना मात्र राहणार. तो काढला की निम्मी मुलं पुस्तक उघडतच नाहीत, हे मी पाहिलं आहे.

सिंहगडरोडकर

नवा रकाना आवडला. मिनिटांवर मात्र आपलं जमणार नाही, बाई. माझ्या मुलीने वाक्य अर्धं टाकलं ते त्या रकान्यामुळेच. निदान ‘२० मिनिटं’च्या जागी ‘एक प्रकरण’ लिहून एक महिना बघाल का?