पीएचपीतील वॉर्निंग कॅचमध्ये का सापडत नाही?

प्रश्न:
माझ्या क्लासमधील एक मेथड दरपत्रकाची फाइल वाचते. फाइल वाचणाऱ्या फाइल_गेट_कंटेंट्स या फंक्शनची ओळ मी ट्राय ब्लॉकमध्ये ठेवली आहे. तरीही फाइल जागेवर नसली की पडद्यावर वॉर्निंग उमटते आणि कोड कॅचमध्ये, म्हणजे चूक पकडणाऱ्या भागात, न शिरता पुढे चालत राहतो. काल रात्री त्यामुळे रिकामे दरपत्रक डेटाबेसमध्ये गेले. @ चिन्ह लावून वॉर्निंग दाबावी का?

पहिले उत्तर:
कृपया दाबू नका. दोष तसाच राहील आणि त्याची खूणही दिसणार नाही. हे फंक्शन फाइल उघडता आली नाही तर एक्सेप्शन (कॅचला पकडता येणारी चुकीची सूचना) फेकत नाही, केवळ वॉर्निंग देऊन फॉल्स परत करते, त्यामुळे कॅचला पकडण्यासारखे काही मिळतच नाही. परत आलेले मूल्य === (मूल्य आणि प्रकार दोन्ही ताडणारे चिन्ह) वापरून फॉल्सशी ताडून पाहा आणि जुळल्यास स्वतः रनटाइमएक्सेप्शन फेका. == वापरलेत, तर अस्तित्वात असलेली पण रिकामी फाइलही फॉल्स ठरेल.

दुसरे उत्तर:
अशा ओळी अनेक असतील, तर सेट_एरर_हँडलर वापरून, म्हणजे त्रुटी आली की चालणारे आपले फंक्शन (हँडलर) नेमून, प्रत्येक वॉर्निंगचे एररएक्सेप्शनमध्ये रूपांतर करणे मला अधिक भरवशाचे वाटते. मात्र @ लावलेल्या ओळीवरही हँडलर चालतो, हे ध्यानात असू द्या. ओळीवर @ आहे का हे ओळखण्यासाठीची, एरर_रिपोर्टिंग() शून्य आहे का, ही जुनी तपासणी पीएचपी ८ पासून निरुपयोगी आहे, कारण तिथे ४४३७ हे मूल्य मिळते; म्हणून त्या मूल्याशी त्रुटीच्या पातळीचा & (बिटवाइज अँड) करून पाहावा.

प्रश्नकर्ता:
=== ची तपासणी घातली. फाइल मुद्दाम हलवून पाहिली. आता कोड कॅचमध्ये जातो आणि जुने दर सुरक्षित राहतात. मनःपूर्वक आभार.