टाइमलाइन कोडमधून आणताना मधल्या पोस्ट गळतात : पाणीपातळीच्या नोंदींची अडचण

प्रश्न (शुक्रवार पेठ, कोल्हापूर)

नमस्कार. २०१९ च्या महापुरानंतर आम्ही काही स्वयंसेवक पंचगंगेच्या पाणीपातळीच्या नोंदी एकत्र ठेवत आलो आहोत. राजाराम बंधाऱ्यावरची पातळी मॅस्टोडॉनवरचे (अनेक स्वतंत्र पण जोडलेल्या सर्व्हरवर चालणारे समाजमाध्यम) एक खाते दर तासाला देते. पाऊस वाढला की बंद झालेले रस्ते आणि राधानगरी धरणाचे उघडलेले स्वयंचलित दरवाजे यांच्या पोस्टही त्याच खात्यावर येऊ लागतात. माझी पायथनमधली स्क्रिप्ट सकाळी ६, दुपारी १२, संध्याकाळी ६ आणि मध्यरात्री चालते, शेवटच्या पोस्टचा क्रमांक स्प्रेडशीटमधून वाचते, तो सिन्स_आयडी (कोणत्या क्रमांकानंतरच्या पोस्ट हव्यात हे सांगणारा घटक) म्हणून पाठवते आणि ४० पोस्टची मर्यादा घालून नव्या पोस्ट आणते.

एरवी सर्व सुरळीत असते, पण मुसळधार पावसाच्या दिवशी मोठी खिंडार पडते. गेल्या आठवड्यात दुपारी १२ ते दीडपर्यंतची एकही पोस्ट आली नाही. याखेरीज रात्री पातळी स्थिर असताना तीन-चार तासांत एकच नोंद उरते. शांत दिवसांत मात्र प्रत्येक वेळी आधीची शेवटची पोस्ट दुसऱ्यांदा येत असे, म्हणून मजकूर सारखा असलेल्या ओळी मी काढून टाकतो. चूक नेमकी कुठे होत असावी?

उत्तर १ (राजारामपुरी)

आपली खिंडार स्क्रिप्ट चालण्याच्या वेळेला लागूनच सुरू होते, यातच कारण दडलेले आहे. सिन्स_आयडी म्हणजे ‘या क्रमांकानंतरच्या पोस्ट’ हे खरे, पण सर्व्हर त्यांतल्या सर्वांत ताज्या पोस्ट देतो, त्या क्रमांकाला, म्हणजे आपल्या खुणेला, लागून असलेल्या नव्हे. सहा तासांत ५८ पोस्ट झाल्या असतील, तर ताज्या ४० आपल्या हाती येतात आणि जुन्या १८ मागे राहतात. त्यानंतर स्क्रिप्ट त्या ४० पैकी सर्वांत नवा क्रमांक खूण म्हणून लिहून ठेवते, त्यामुळे त्या १८ पोस्ट पुढे कधीच मागितल्या जात नाहीत. मर्यादा वाढवूनही उपयोग नाही, कारण एका वेळी ४० पेक्षा जास्त पोस्ट मिळतच नाहीत.

येथे मिन_आयडी वापरावा. तो खुणेच्या लगेच पुढच्या पोस्ट देतो. एक गोष्ट मात्र जपावी : मिन_आयडीने आलेल्या पानातही (एका विनंतीला मिळालेल्या पोस्टच्या यादीतही) नवी पोस्ट वर आणि जुनी खाली असाच क्रम असतो, म्हणून पुढच्या फेरीसाठी यादीतल्या पहिल्या पोस्टचा क्रमांक घ्यावा. शेवटच्या पोस्टचा घेतला, तर तेच पान जवळजवळ जसेच्या तसे पुन्हा येईल. पान रिकामे येईपर्यंत फेऱ्या चालू ठेवाव्यात; ४० पेक्षा कमी पोस्ट आल्या म्हणून थांबू नये. आणि सर्व पाने लिहून झाल्यावरच खूण पुढे सरकवावी, नाहीतर मध्येच वीज गेली की नवी खिंडार पडेल.

उत्तर २ (कसबा बावडा)

खिंडारीचे कारण वर आले आहेच. मला त्या दुसऱ्यांदा येणाऱ्या पोस्टची जास्त काळजी वाटते, कारण रात्रीच्या नोंदी तिच्यामुळेच गेल्या आहेत.

मॅस्टोडॉनचे क्रमांक साधारण १८ अंकी असतात आणि स्प्रेडशीट संख्येचे १५ अंकच अचूक ठेवते. शेवटचे तीन अंक शून्य होतात, म्हणजे आपली खूण खऱ्या क्रमांकापेक्षा किंचित लहान होते आणि तीच पोस्ट ‘नवी’ म्हणून परत येते. हे टाळण्यासाठी आपण मजकूर ताडून ओळी काढू लागलात. पण ‘राजाराम बंधारा : ३९ फूट २ इंच, स्थिर’ हे वाक्य रात्री एक, दोन आणि तीन वाजता अक्षरशः सारखेच असणार. त्या तीन वेगवेगळ्या नोंदी आहेत, आणि पाणी तीन तास हलले नाही हीच पूरकाळातली सर्वांत मोलाची बातमी असते. मजकुरावरून ओळ काढणे आजच बंद करावे. सर्व्हर क्रमांक अक्षरमालिका म्हणून देतो, तो तसाच ठेवावा, स्तंभाचे स्वरूप ‘मजकूर’ करावे आणि पुनरावृत्ती फक्त क्रमांकावरून ओळखावी. जावास्क्रिप्टमध्येही ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ च्या पुढच्या पूर्ण संख्या नेमक्या राहतीलच असे नाही, हे आपल्या गटात कोणी संकेतस्थळ सांभाळत असल्यास त्यांनाही सांगावे.

उत्तर ३ (इचलकरंजी)

आधीच गळालेल्या जुन्या पोस्टसाठी सर्वांत ताज्या पोस्टपासून मॅक्स_आयडीने (दिलेल्या क्रमांकाआधीच्या पोस्ट मागणारा घटक) मागे मागे जावे. सर्व्हरच्या उत्तरासोबत येणाऱ्या लिंक हेडर या माहितीत पुढच्या पानाचा पत्ता असतो, तोच वापरावा. नेहमीची मर्यादा पाच मिनिटांत ३०० विनंत्यांची असते, त्यामुळे प्रत्येक विनंतीनंतर सेकंदभर थांबले तरी पुरे. ते खाते दुसऱ्या सर्व्हरवर असेल, तर आपल्या सर्व्हरकडे पोहोचलेल्या पोस्टच आपल्याला दिसतात. आपल्या सर्व्हरवरून कोणी त्या खात्याला अनुसरण्यापूर्वीच्या बहुतेक पोस्ट आपल्या सर्व्हरवर नसतात. सार्वजनिक पोस्ट असल्याने मूळ सर्व्हरलाच विचारून पाहावे.

प्रश्नकर्ता

आपणा तिघांचे मनापासून आभार. काल रात्री बसून तिन्ही बदल केले. आमचे खाते खरोखरच वेगळ्या सर्व्हरवर निघाले, म्हणून पूर्ण हंगामाच्या पोस्ट मूळ सर्व्हरवरून नव्याने आणल्या. दुपारच्या खिंडारीतल्या १८ ही पोस्ट मिळाल्या. ३९ फुटांची इशारा पातळी आमच्या आलेखात दोन वाजता ओलांडलेली दिसत होती, प्रत्यक्षात ती नोंद एकची होती. जनावरे कधी हलवायची हे या आलेखावरून ठरवणारी घरे चिखली आणि आंबेवाडीत आहेत, त्यामुळे त्यांना दुरुस्त आलेख आज सकाळीच पाठवला.