नस, शीर, धमनी की रोहिणी?

अनुस्वार: पुण्यातल्या एका रुग्णालयासाठी माहितीपत्रक मराठीत करतेय. विषय पायाच्या रक्तवाहिनीची अँजिओप्लास्टी. जांघेतून बारीक नळी घालायची, फुगा फुगवून वाट मोकळी करायची, लागलाच तर स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी जाळीची नळी. रक्त पावलापर्यंत पोचलं की बोटं, कधी अख्खा पाय वाचतो. 'मिनिमली इन्व्हेसिव्ह'ला मी 'अल्पछेदी' लिहिलं, डॉक्टरांनी ते खोडून 'दुर्बिणीतून' केलं. पण यात दुर्बीण असते कुठे? सगळं एक्स-रेच्या पडद्यावर बघतात. आणि 'पायाची नस बंद झाली' चालेल का?

मुठेकाठ: 'नस बंद' अजिबात नको. आमच्या शेजारच्या आजोबांनी ते 'नसबंदी' ऐकलं आणि सहीच करेनात. शिवाय नस दबते ती मणक्यात, शीर चढते ती पोटरीत. 'धमनी' लिहा.

जुनापेठकर: धमनी हिंदीतून आलीय. आम्ही शाळेत रक्त नेणारी ती रोहिणी आणि परत आणणारी ती नीला असं शिकलो.

मुठेकाठ: हिंदीतून कशी? सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात धमन्यांवर स्वतंत्र अध्याय आहे. धातू 'धम्', म्हणजे फुंकणे. फुंकायच्या नळीलाही संस्कृतात धमनी म्हणत.

जुनापेठकर: म्हणूनच नको. धमनीत हवा नसते, रक्त असतं. रोहिणी म्हणजे तांबडी, अर्थ नावातच आहे.

सिंहगडरोड: माझ्या वडिलांचा अंगठा काळा पडला होता, टाच गार. फुगा घातल्यावर डॉक्टरांनी पावलावर दोन बोटं टेकवली आणि म्हणाले, "ठोका लागतोय." घरात आम्ही अजून 'फुगा घातला' असंच म्हणतो. लोकांना तेच कळतं, तेच छापा.

मुठेकाठ: फुगा म्हणजेच अँजिओप्लास्टी असं नाही. १९६४ साली अमेरिकेत चार्ल्स डॉटर यांनी पाय कापू न देणाऱ्या ८२ वर्षांच्या बाईंची वाट मोकळी केली, ती नळीवरून जाड नळी सरकवून. फुगा नंतर आला.

अनुस्वार: पत्रक सोमवारी छापायला जातंय हो! 'अल्पछेदी'चं काय?

सिंहगडरोड: ताई, 'मोठी चिरफाड न करता' लिहा. आणि पत्रकात कुठे 'ऊती' असेल तर त्याऐवजी 'मांस'.

मुठेकाठ: जुनापेठकर, फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीत अशुद्ध रक्त असतं. ती तांबडी कशी?

जुनापेठकर: हृदयातून बाहेर नेते ती रोहिणी. रंग कुणी बघत नाही आता.

मुठेकाठ: मग धमनीतली हवा तेवढी का बघता?